अळी मोठी होऊन गायब होते नाहीतर कोष काळा पडतो, दरवेळी असंच होतंय? मग हे वाचा

लिंबाच्या नाहीतर कढीपत्त्याच्या कुंडीत अळी दिसते, पोरं सकाळी तोंड धुवायच्या आधी जाऊन तिला बघून येतात, ती खाऊन खाऊन बोटाएवढी होते आणि एक दिवस नाहीच. किंवा कोष होतो, सगळं घर वाट बघतं आणि त्यातून फुलपाखराऐवजी भलतंच काहीतरी बाहेर येतं. मग परत अंडी, परत अळ्या, परत तेच. आमच्याकडे रत्नागिरीत ज्यांच्या दारात चार कुंड्या आहेत त्यातल्या बऱ्याच जणांचं हे रडगाणं आहे आणि सगळे मलाच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

एक गोष्ट आधीच सांगते. असं झालं की लोक लगेच डबा बदलतात, जागा बदलतात, पाणी शिंपडायला लागतात. काही बदलू नका. आधी मागे काय उरलंय ते बघा. अळीची कातडी, कोषाचं टरफल, त्याला पडलेलं भोक, खाली पडलेले दाणे, भिंतीवरचा डाग, यातनं कोणी काय केलं ते जवळजवळ नक्की कळतं, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, एकाचा दुसऱ्याला चालत नाही.

आणि नॉर्मल काय ते माहीत असू दे, नाहीतर चांगल्या चाललेल्या गोष्टीवर उपाय करत बसाल. लिंबू-कढीपत्त्यावर आपल्याकडे मुख्य तीन जातींची पिल्लावळ असते, लाईम बटरफ्लाय, कॉमन मॉरमॉन आणि नशीब असेल तर ब्लू मॉरमॉन, म्हणजे नीलवंत, 2015 साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालेलं तेच. मादी कोवळ्या पानावर एकेक अंडं सुटं सुटं ठेवते, फिकट पिवळं, मोहरीहून लहान. तीन-चार दिवसांत अळी येते, पहिले काही दिवस ती काळपट-पांढरी, अगदी पक्ष्याची शीट पडल्यासारखी दिसते (पक्ष्यांनी खाऊ नये म्हणूनच, आणि घरातली माणसं पण त्यामुळेच पुसून टाकतात), शेवटच्या टप्प्यात हिरवी होते. खाण्यात दोन-अडीच आठवडे जातात, मग कोष, उबदार दिवसांत साधारण 8 ते 12 दिवसांचा. थंडीत जास्त लांबतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीतला कोष दोन आठवडे झाले म्हणून फेकू नका. मधेमधे अळी दिवसभर एका जागी गप्प बसते, खात नाही, हलत नाही, ती आजारी नाही, कात टाकतेय. त्या वेळी तिला उचलून दुसऱ्या पानावर ठेवायचं नाही, तिने पायाखाली रेशमाची गादी विणून पाय रोवलेले असतात, ओढलंत तर कात अर्धवट अडकते आणि खरंच मरते.

मोठी अळी गायब होते

सगळ्यात जास्त विचारला जाणारा हाच प्रश्न आणि निम्म्या वेळा यात काही बिघडलेलंच नसतं. पूर्ण वाढलेली अळी कोष करायच्या आधी पोट रिकामं करते, नेहमीच्या कोरड्या लेंड्यांऐवजी एकदम पातळ ओलं काहीतरी टाकते (यालाच लोक जुलाब समजतात), रंगाने जरा फिकी आणि आकाराने आखूड होते आणि झाड सोडून चालायला लागते. कुंडीवरून उतरून कंपाउंडच्या चिऱ्यावर, गॅलरीच्या ग्रिलला, कपडे वाळत घालायच्या काठीला, कुठेही जाते. कुंडीपासून चार-पाच पावलांच्या आत सगळ्या आडोशाच्या जागा खालून बघा, छज्जाच्या खालची बाजू, कुंडीच्या काठाखाली, पायपुसणं वाळत टाकलं असेल तर त्याच्या मागे. आणि हिरवाच कोष शोधत बसू नका. हिरव्या फांदीवर कोष हिरवा होतो पण चिऱ्यावर, सुक्या लाकडावर, भिंतीवर तोच कोष तपकिरी नाहीतर राखाडी होतो. हा कोष मेलेला म्हणून किती लोक काढून टाकतात त्याला गणती नाही. हलक्या बोटाने लावून बघा, जिवंत कोष शेपटीकडनं जरासा वळवळतो. वळवळला नाही म्हणून मेला असंही नाही, पण वळवळला तर प्रश्नच मिटला.

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस तर कोषांचा कर्दनकाळ. घरं झाडायची, जळमटं काढायची, रंग द्यायचा, त्यात छपराखालचे कोष केरसुणीने सरळ जातात. पावसाळा संपत येताना फुलपाखरं सगळ्यात जास्त असतात आणि आपली साफसफाई पण नेमकी तेव्हाच. आमच्या सासूबाईंना हे पटवायला मला बरीच वर्षं लागली, आता त्या स्वतःच भिंतीवरच्या कोषाभोवती खडूने गोल काढून ठेवतात आणि रंगवाल्याला दम देतात.

आता खरंच खाल्ली गेली असेल तर. अळी लहान असतानाच एकेक करून कमी होत असतील, मागे काहीच उरत नसेल, तर गांधीलमाशी किंवा मुंग्या. गांधीलमाशी अळीचे तुकडे करून गोळा बनवून नेते, तुम्ही चहा पीत बसलेले असताना समोर नेईल. आंब्याची फांदी कुंडीला टेकत असेल तर लाल हुमले (झाडावरच्या लाल मुंग्या) येतात आणि ते अंडीसुद्धा ठेवत नाहीत, फांदी छाटा, कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवा. मुंग्यांचा खडू अजिबात मारू नका, त्यात कीटकनाशकच असतं आणि अळी त्या रेघेवरून चालली की ती पण गेली. मोठी अळी नाहीशी झाली, पानं तुटलेली, फांदी हललेली असेल तर पक्षी नाहीतर सरडा. दयाळ, बुलबुल, शिंपी, भारद्वाज, सगळे खातात, त्यांचं पण घर चालायचंय. त्यांच्यासाठी साधी जाळी पुरते, पण जाळी पानांना चिकटू देऊ नका, बाहेरून चोच मारतात.

कोषातून दुसरंच काहीतरी आलं

इथे जरा वेळ घेते कारण गैरसमज सगळ्यात जास्त यातच आहेत आणि मुलं पण इथेच रडतात.

कोषाच्या बाजूला टाचणीने टोचल्यासारखं एकच बारीक गोल भोक, आणि आसपास दोन-तीन मिलिमीटरच्या चमकदार काळपट-हिरव्या बारीक माशा फिरताहेत, तर ती परजीवी गांधीलमाशीची बारकी भावंडं. यांची मादी मोठ्या अळीजवळ घुटमळत राहते, अळीने शेवटची कात टाकून कोष केला की तो पहिले काही तास मऊ असतो, तेवढ्यात टोचून आत अंडी घालते. नंतर कोष कडक झाला की तिला ते जमत नाही. आत डझनावारी पिल्लं वाढतात आणि एकाच भोकातून रांगेने बाहेर पडतात. म्हणजे अळी कोष करायला बसली त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तिला झाकलंत की हा धोका जवळजवळ संपतो. पण मच्छरदाणीच्या जाळीने नाही, त्या छिद्रांतून या आरामात जातात. जुना मलमलचा दुपट्टा, सुती पंचा, धोतराचा तुकडा, असं काहीतरी घट्ट विणीचं पाहिजे.

कोष काळवंडलाय, खाली तांदळाएवढे तपकिरी दाणे पडलेत आणि कोषापासून खाली पांढरट चिकट दोरा लोंबतोय, तर टॅकिनिड माशी. ही दिसायला घरातल्या माशीसारखीच पण अंगावर राठ केस. ही कोषावर नाही, अळी असतानाच अंडी घालते, तिच्या अळ्या आतल्या आत वाढतात आणि नंतर त्या दोऱ्यावरून खाली उतरून दाणे होतात. म्हणून अळी मोठी झाल्यावर घरात आणली आणि तरी हे झालं असं लोक म्हणतात तेव्हा उत्तर सोपं आहे, तुम्ही ती आणलीत तेव्हाच काम होऊन गेलेलं होतं. तसंच अळीच्याच अंगावर पांढऱ्या-पिवळ्या कापसाच्या गोळ्या चिकटलेल्या दिसल्या आणि अळी जिवंत पण मलूल, तर त्या ब्रॅकोनिड माशीच्या कोषांच्या गोळ्या, ही तर अळी अगदी बारकी असताना टोचते. लोक त्या गोळ्यांना अंडी समजून काढत बसतात. काढून उपयोग नाही, जे खायचं ते आतून खाऊन झालेलं असतं.

यावरून काय करायचं ते उघड आहे. अळी आणू नका, अंडं आणा. कोवळ्या पानाच्या टोकाशी अंडं दिसलं की तेवढी डहाळी कापून आत घ्या. माझ्या मते दरवेळी होणाऱ्या निम्म्याहून जास्त त्रासाचा हा एकच उपाय आहे आणि लोक तो सोडून बाकी सगळं करतात. फुलपाखराच्या अंड्यांमध्येसुद्धा आपली अंडी घालणाऱ्या अतिबारीक माशा असतात, त्यात काही अंडी वाया जाणारच, ते सोडून द्या.

या माशांचा राग मात्र धरू नका, याच माशा आपल्या भाजीवरच्या अळ्या पण आटोक्यात ठेवतात. मुलांना दाखवा, भिंगातून बघितलं तर फुलपाखराइतकीच मजा आहे त्यात, आमच्या धाकट्याला तर आता फुलपाखरापेक्षा माशा निघाल्या की जास्त आनंद होतो, म्हणजे काय बोलणार.

आणि एक. कोष रिकामा, पारदर्शक, डोक्याकडनं उघडलेला आणि खाली भिंतीवर लालसर-तपकिरी पाण्याचा डाग, हे बघून रक्त रक्त म्हणून फोन करणारे पण आहेत. अहो फुलपाखरू निघून गेलं! बाहेर आल्यावर ते आत साठलेला मळ टाकतं, त्याचा तो डाग. बहुतेक वेळा ही मंडळी सकाळी लवकर निघतात, तुम्ही शाळेचा डबा भरत असता तेव्हा. कोष निघायच्या आदल्या दिवशी गडद होतो आणि टरफलातून पंखांची नक्षी दिसायला लागते, तेव्हापासून लक्ष ठेवा. तो गडदपणा आणि मेलेल्याचा काळेपणा यात फरक आहे, मेलेला कोष सगळीकडून सारखा काळा, एकतर मऊ पडून वास मारतो किंवा वाळून हलका होतो, नक्षी दिसत नाही.

अळी मऊ पडून काळी होते, पाणी होतं तिचं

हा आपला खास पावसाळी प्रॉब्लेम. अळी खाणं सोडते, फांदीवर उंच चढते, मधल्या नाहीतर मागच्या पायांवर लोंबकळत राहते, काळी पडते, हात लावला की फुटते आणि घाण वास. विषाणू किंवा जिवाणूंचा आजार आहे, औषध नाही. पसरतो मात्र झपाट्याने, कारण तो पाझर पानावर पडला आणि दुसरीने ते पान खाल्लं की ती पण जाते. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवाच इतकी दमट की डब्यात वाफ धरते, त्यात लोक प्लॅस्टिकच्या बरणीत पाच-सहा अळ्या एकत्र कोंबतात, झाकणाला चार भोकं पाडतात आणि वरून ओली पानं घालतात. असं केल्यावर न मरतील तरच नवल.

बरणी बंद करा. फळांवर झाकायची घुमटासारखी जाळी येते ना बाजारात, ती आतून मलमल लावून वापरा, खाली वर्तमानपत्र, ते रोज बदला, लेंड्या साठू देऊ नका. पान धुतलंत तर पूर्ण पुसून कोरडं करून द्या. एका जाळीत दोन-तीनच अळ्या. आजारी अळी दिसली की पानासकट लगेच बाहेर, हात साबणाने धुवा, जाळी ब्लीचच्या पाण्याने धुऊन उन्हात (ऊन असेल त्या दिवशी!) वाळवा. डहाळी पाण्याच्या बाटलीत उभी करणार असाल तर बाटलीच्या तोंडाला कापसाचा बोळा घट्ट बसवा, नाहीतर अळी देठावरून खाली उतरत थेट पाण्यात जाते, ही पण एक नेहमीचीच केस.

एकाच दिवशी सगळ्या मेल्या

काल ठीक होत्या, आज सगळ्या खाली, अंग वाकडं, तोंडातून हिरवं पाणी, काही तडफडताहेत. हा आजार नाही, विष आहे. कुठून आलं ते शोधायचं.

घरातच बघा आधी. कॉइल आणि लिक्विडवाली मशीन दोन्हींत पायरेथ्रॉइड गटातलं औषध असतं, ज्या खोलीत रात्रभर चालू असतं तिथे अळ्या ठेवायच्या नाहीत. मुंबईची पाहुणेमंडळी गणपतीत आली की पडवीत संध्याकाळी कॉइल लागतेच, तेव्हा जाळी मागच्या दाराला हलवा. डासांसाठी रस्त्याने धुराची गाडी येते त्या दिवशी पण खिडक्या लावून घ्या. मग आंबा. पालवी-मोहोराच्या सीझनला तुडतुड्यांसाठी फवारण्या चालतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं मोहोर संरक्षणाचं वेळापत्रकच आहे आणि त्यातली पहिली फवारणी मोहोर यायच्या आधीच असते, म्हणजे मोहोर दिसत नाही म्हणून फवारणी नाही असं धरू नका. बागायतदाराला दोष देऊन काय उपयोग, त्याचं वर्षाचं पीक आहे ते. शेजारी कलमं असतील तर सरळ विचारून ठेवा कधी मारणार आहात, लोक सांगतात. त्या दिवसांत बाहेरची पानं तोडून घालू नका.

तिसरं म्हणजे नर्सरीतून आणलेलं झाड. चकचकीत, एकही पान न खाल्लेलं लिंबाचं रोप बघितलं की मला शंकाच येते. इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशकं मुळातून सगळ्या झाडात भिनतात, पान धुवून जात नाहीत आणि बरेच आठवडे टिकतात. नवीन रोपावर पहिल्याच दिवशी अळ्या मरत असतील तर ते रोप सहा महिने बाजूला ठेवा. बाजारातल्या कढीपत्त्याची जुडी पण अळीला कधीच घालू नका. त्यापेक्षा सरबताला चिरलेल्या कागदी लिंबाच्या बिया न वाळवता तशाच कुंडीत टाका, दोन-तीन आठवड्यांत उगवतात आणि टीचभर रोपावर सुद्धा मादी येऊन अंडी घालते, तिला झाड मोठं नाही, पालवी कोवळी पाहिजे असते. ती येऊन पानावर पुढचे पाय टपटप आपटते ना, ती पायांनी चव बघत असते. कढीपत्त्याचे मुळाकडचे फुटवे पण सहज लागतात, एक झाड फोडणीचं आणि एक अळ्यांचं अशी वाटणी आमच्याकडे आता कायमची झालीय. नीमतेल सेंद्रिय आहे म्हणून मारणारे पण आहेत, सेंद्रिय असलं तरी ते अळ्या मारायलाच असतं हो.

अळी खातच नाही

झाड चुकलंय. लिंबावरची अळी लिंबू, पपनस, कढीपत्ता, बेल याच कुळातलं खाते, कोबी दिलात तर उपाशी मरेल पण तोंड लावणार नाही. पट्ट्यापट्ट्यांची काळी-पिवळी-पांढरी अळी रुईवरची असते, प्लेन टायगरची, तिला रुईच. कण्हेरीवरच्या अळीचा कोष सोन्या-चांदीचा मुलामा दिल्यासारखा होतो, तो कॉमन क्रो, बघाच एकदा. अशोकावर नाहीतर सोनचाफ्यावर मिळाली तर बहुधा टेल्ड जे. ज्या झाडावर सापडली त्याचंच पान, बाकी डोकं चालवू नका. रुईचा चीक मुलांच्या डोळ्यात जाता कामा नये, डोळ्याला गंभीर इजा होते, ती पानं मोठ्यांनीच तोडायची. लिंबावरच्या अळीने मात्र डिवचल्यावर मानेतून नारिंगी दोन शिंगं काढली तर घाबरू नका, नुसता उग्र वास येतो, चावत-बिवत नाही.

पंख चुरगळलेले राहिले

फुलपाखरू बाहेर आल्यावर त्याला उलटं लोंबकळायला आणि पंख खाली सोडायला जागा लागते, अंगातला द्रव पंखांत ढकलून ते फुलवतं आणि काही तासांत पंख कडक होतात. कोष बरणीच्या तळाशी पडलेला असेल किंवा जाळी इतकी लहान असेल की पंख टेकतात, तर ते तसेच वाळतात आणि मग काही करता येत नाही. म्हणून पडलेला कोष तसाच ठेवू नका. लिंबावरचा असेल तर जाड कागदाचा छोटा कोन करून त्यात शेपटी खाली, डोकं वर असा उभा ठेवा आणि कोन भिंतीला किंवा जाळीला चिकटवा, कागद खरखरीत पाहिजे म्हणजे पाय धरता येतात. रुई-कण्हेरीवरचा कोष डोकं खाली करून लटकतो, त्याच्या देठाकडच्या रेशमाला बारीक दोरा बांधून काठीला टांगा, चिकटपट्टी कोषाला लावू नका. आणि वर फुल स्पीडचा पंखा बंद ठेवा, दमट हवेत काही अडत नाही पण पंख्याच्या झोताने ते घसरून पडतं.

सगळं नीट झालं आणि बाहेर धो धो पाऊस असेल तर सोडायची घाई नको. पहिल्या दिवशी काही खायला नाही मिळालं तरी चालतं त्याला, दुसऱ्या दिवशी उघडीप बघून जास्वंदीवर नाहीतर एक्झोऱ्यावर बसवा. एक पंख वाकडाच राहिला असेल आणि मुलं ऐकत नसतील तर पाण्यात थोडी साखर कालवून कापसाचा बोळा द्या, सोंड आपोआप उलगडली नाही तर दात कोरायच्या काडीने हळूच उलगडून बोळ्यावर टेकवा, पितं ते. उडणार नाही, पण घरातल्या कुंडीवर काही दिवस राहतं, तेवढ्यात पुढची अंडी आलेली असतात.